सरळ दोऱ्यांतून डमरू: ताणलेल्या दोऱ्यांचे अमूर्त शिल्प

या प्रकारच्या शिल्पात एकही दोरा वाकलेला नसतो, तरी डोळ्यांना दिसतो तो गोलाईदार पृष्ठभाग. लंडनच्या सायन्स म्युझियममधले दोऱ्यांचे गणिती नमुने पाहून शिल्पकार हेन्री मूर यांनी १९३७ पासून दोरे ताणलेली शिल्पे केली. शिल्पकार नाउम गाबो यांनी १९४२-४३ मध्ये पारदर्शक प्लास्टिकवर नायलॉनचे दोरे ताणले. पहिल्या कामाला डमरूचा आकार घ्यावा, कारण त्यात एक दोरा जरी चुकला तरी लगेच नजरेत येतो.

१२ मिमी प्लायवूडच्या २० सेंमी व्यासाच्या दोन तबकड्या, २५×२५ मिमीची ३० सेंमी लांब लाकडी पट्टी, चार स्क्रू आणि चामडे शिवायचा ०.८ मिमीचा मेणाचा पॉलिएस्टर दोरा, दोन रंगांत प्रत्येकी १७ मीटर, एवढे लागते. ६ मिमी प्लाय नको. ताणाने त्याची कड आत झुकते आणि आधी ओढलेले दोरे सैल पडतात. नायलॉन दमट हवेत लांबतो, म्हणून पावसाळ्यात ढिला पडतो.

तबकडीवर १८ सेंमी व्यासाचे वर्तुळ काढून कोनमापकाने दर १०° वर खूण करा, म्हणजे ३६ भोके होतात. दोन्ही तबकड्या क्लॅम्पने एकत्र आवळून २.५ मिमीच्या ड्रिलने एकदमच भोके पाडा. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने नीट मोडा, नाहीतर दोरा तिथेच पिंजून तुटतो. वरून पाहत दोन्ही तबकड्यांच्या बाहेरच्या कडेवर एकाच दिशेने आकडे घाला. खालून पाहिले की क्रम उलटा दिसतो आणि गोंधळ होतो. रंग लावायचा तो आत्ताच.

पट्टी मधोमध उभी करून १ च्या बरोबर वर १ येईल अशा तबकड्या फेविकॉल आणि प्रत्येक टोकाला दोन स्क्रू लावून बसवा. एक स्क्रू पुरत नाही. पहिल्या थराचे, म्हणजे पहिल्या रंगाचे, सगळे दोरे एकाच बाजूला कललेले असतात आणि ते वरची तबकडी फिरवू पाहतात. दुसरा थर उलटा बसला की हा पीळ बराचसा फिटतो. फेविकॉल २४ तास वाळू द्या.

दोऱ्याचे साडेपाच मीटरचे तुकडे करा, एका थराला तीन. सलग दोरा गुंतून जीव खातो. खालच्या १ मधून वरच्या १३ मध्ये, तिथून शेजारच्या १४ मधून खालच्या २ मध्ये, मग ३ मधून वर १५ ला, असे जा. एका तुकड्यात बारा दोरे होतात. पुढचा तुकडा खालच्या १३ पासून. ३६ नंतर पुन्हा १ मोजायचे. टोके भोकात टूथपिक खुपसून धरा, गाठ मारू नका.

दुसरा रंग खालच्या २ मधून वरच्या २६ मध्ये, तिथून २७ मधून खालच्या ३ मध्ये, असा न्यायचा, म्हणजे तिरकेपणा उलटा होतो आणि पहिल्या थराने सोडलेल्या जागाही भरतात.

सुरुवातीला दोरे नुसते सरळ राहतील एवढेच ओढा. मग पहिल्या दोऱ्यापासून ढील पुढे सरकवत दोन फेऱ्या करा. बोटाने छेडल्यावर सगळ्यांचा आवाज साधारण सारखा आला पाहिजे. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा एक फेरी, आणि मगच तळाशी शेजारची टोके उलटसुलट दुहेरी गाठीने बांधा. गाठीवर फेविकॉलचा थेंब पुरे. फेविक्विक दोऱ्यात चढते, तो कडक आणि पांढुरका होतो.

कंबर किती बारीक, हे किती भोके पुढे जाता त्यावर ठरते: ६ भोकांना सुमारे १५.६ सेंमी, १२ ला ९, १५ ला ४.७. सोळाला दोरे मधल्या पट्टीच्या कोपऱ्यांवर घासतात. आमच्या मते १२ सर्वांत देखणे. तळाला १० मिमीचे तीन रबरी बूट लावा, म्हणजे गाठी दबणार नाहीत. धूळ मऊ रंगाच्या ब्रशने दोऱ्याच्या लांबीनेच झाडा.