सातारा-सांगलीहून जर्मनीला निघालात? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

पहिली चूक बॅग भरतानाच होते. साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचं तूप डब्यात जातं, आणि तिकडच्या विमानतळावर ते कस्टमवाले काढून घेऊ शकतात. भारतातून युरोपीय संघात जाताना सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ओला कढीपत्ताही नको, त्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हळदपूड, बेदाणे, सांगलीचं भडंग खुशाल न्या.

वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, त्यामुळे मिक्सरला ट्रान्सफॉर्मर नको, अर्थिंगचा अडॅप्टर पुरे. कुकर मात्र स्टीलचा, इंडक्शन बेसचा घ्या. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापतच नाही.

खरी गडबड पत्त्याची. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत महापालिकेत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नुसत्या भाडेकराराने भागत नाही. हे पत्र देणार का, हे खोली ठरवतानाच विचारा. ‘पत्ता मित्राचा लावू, राहू दुसरीकडे’ हा आपल्याकडचा जुगाड तिथे थेट दंडाचा विषय आहे.

नोंदणी झाली की कर क्रमांक पोस्टाने येतो. इथे बरेच जण फसतात, कारण पत्रपेटीवर आपलं नावच लावलेलं नसतं. आपल्याकडे पोस्टमन गल्लीत विचारून घर शोधतो. तिकडे पेटीवर नाव नसेल तर पत्र बहुधा परत जातं. कर क्रमांक नसला की नोकरी देणारी कंपनी सर्वांत जास्त कपातीच्या सहाव्या करवर्गात टाकू शकते, आणि पहिलाच पगार निम्मा वाटतो. म्हणून किल्ली हातात आली की आधी पेटीवर आणि बेलवर पासपोर्टप्रमाणे आडनाव चिकटवा. मूळ भाडेकरू दुसरा असेल तर त्याच्या नावाखाली.

त्याच पेटीत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही येईल: घरटी महिना 18.36 युरो. ‘आमच्याकडे टीव्हीच नाही’ म्हणून ते फाडू नका. शुल्क घरावर असतं, टीव्हीवर नाही, आणि थकलं की दंड चढतो. चौघे एका घरात असाल तर एकानेच भरायचं, बाकीच्यांनी त्याचा शुल्क-क्रमांक कळवायचा.

आता खिडकी. आपल्याकडे ती दिवसभर उघडी, तिकडे थंडीत दिवसभर बंद. आत भाताची वाफ, अंघोळ, दोरीवरचे ओले कपडे. हा सगळा ओलावा थंड भिंतीवर जमतो आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणून लोक खिडकी तिरकी करून, म्हणजे वरून थोडीशीच उघडी, तासन्‌तास ठेवतात. त्याने हवा फारशी बदलत नाही, उलट खिडकीच्या वरची भिंत गार पडते आणि बुरशी नेमकी तिथेच येते. हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडा, 5 ते 10 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा. मग बंद करून हीटर पुन्हा लावा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मध्ये 5-10 सेंटिमीटर जागा सोडा. घर सोडताना बुरशी दिसली तर खर्च डिपॉझिटमधून कापायला घरमालक बघतोच, आणि डिपॉझिट 3 महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं असू शकतं.

गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढा. वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय परवाना फक्त 6 महिने चालतो. पुढे तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, तेव्हा पाचव्या महिन्यापर्यंत थांबू नका.