काटा नाचतोय? मीटर बदलण्याआधी एवढं बघा

गाडी ५० च्या वेगानं एकसारखी चाललेली असते आणि मीटरचा काटा मात्र ४० ते ६० मध्ये नाचत असतो. अशा वेळी बरेच जण थेट नवीन मीटर घालून मोकळे होतात. घाई करू नका. केबलच्या गाड्यांत दोष बहुतेकदा मीटरच्या अलीकडेच सापडतो.

आधी गाडी कुठल्या जातीची ते ओळखा. जुनी मारुती ८००, ॲम्बॅसिडर, पद्मिनी यांच्यात गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत केबल येते आणि तिच्या आतली वायर फिरते. नव्या गाड्यांत केबल नाही, सेन्सर असतो. दोन्हींची तपासणी वेगळी.

मग एक फेरी मारा. साताऱ्याहून कराडकडे जाणारा हायवे चालेल. खंबाटकीच्या घाटात नको, चढ-वळणांत वेगच स्थिर राहत नाही. काटा शेजारी बसलेल्यानं बघायचा, चालवणाऱ्यानं नाही. तीन गोष्टी टिपून घ्या: काटा कुठल्या वेगाला हलतो, डॅशबोर्डमागून टकटक किंवा किरकिर येते का, आणि मीटरवरचे किलोमीटरचे आकडे रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी जुळतात का.

केबलच्या गाडीत काटा कमी वेगाला उड्या मारतो आणि वेग वाढला की बराचसा शांत होतो, तेव्हा पहिला संशय कोरड्या पडलेल्या वायरीवर घ्यावा. वायर नळीत अडकते, पीळ खाते आणि एकदम सुटते. मीटरच्या आत फिरणारं चुंबक आणि काट्याची ॲल्युमिनियमची वाटी एकमेकांना टेकलेली नसतात. चुंबक वाटीला ओढतं, बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. त्यामुळे वायरीचा प्रत्येक झटका काट्यावर दिसतो. आकडे दगडांपेक्षा कमी पडत असतील, तर वायरीची चौकोनी टोकं किंवा गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर झिजलेला असू शकतो.

आता केबल काढा. मीटरमागची तिची पकड सोडवा आणि आतली वायर वरून ओढून घ्या. ती अर्धीच हातात आली, तर तुटलीच आहे, पुढचं तपासायचं कारण नाही. अख्खी आली तर फडक्यानं पुसा. दोन्ही टोकं दोन हातांच्या चिमटीत धरून मधली वायर झोळीसारखी खाली लोंबू द्या आणि एक टोक हळूहळू फिरवा. दुसरं टोक त्याच लयीत फिरलं पाहिजे. ते थांबून थांबून झटका देत असेल, तर वायर वाकली आहे. सरळ करत बसू नका, बदला. चांगली असेल तर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, पण मीटरकडची वीतभर वायर कोरडीच ठेवा. फिरती वायर ग्रीस वर चढवते, आणि ते मीटरमध्ये गेलं की काटा चिकटायला लागतो. मीटरमध्ये तेल सोडणं तर त्याहून वाईट, मेस्त्री कितीही आग्रह करो.

परत बसवताना नळीला कुठे तीव्र बाक देऊ नका. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर काटा नाचायला लागला असेल, तर बाकच आधी बघा. वायर नवी आणि नळीही सरळ, तरी काटा थरथरतो, तेव्हा मात्र मीटर उघडायला कारागिराकडे द्या.

सेन्सरच्या गाडीत काटा थरथरण्यापेक्षा एकदम शून्यावर पडून परत उठतो. तसं झालं तर कपलर (वायरी जोडणारा प्लग) ढिला, पिनेला गंज किंवा वायर कुरतडलेली. उसाच्या फडाजवळ रात्रभर गाडी लावणाऱ्या सांगलीकरांना उंदरांबद्दल वेगळं सांगायला नको. कपलर काढून पिना स्वच्छ करा, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला असेल तर पुसा. काही गाड्यांना वेगाची खबर चाकांवरच्या एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरकडून मिळते; डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा पेटला असेल तर शोध चाकापासून सुरू करा.

खात्री करायची असेल तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं यंत्र) लावून गाडी चालवायला सांगा. स्क्रीनवर वेग स्थिर आणि काटा नाचतोय, तर दोष मीटरकडे. स्क्रीनवरचा वेगही उड्या मारत असेल, तर सेन्सर किंवा वायरिंग. स्कॅनरवर दिसणारा पी०५०० हा बिघाडाचा कोड याच भागाकडे बोट दाखवतो, पण कोड दिसला म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका. आधी वायर तपासा.

मीटर बदलायचंच ठरलं, तर जुन्या मीटरवरचं रनिंग बिलावर लिहून घ्या. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तेच विचारतं.