कफ्फाऱ्याचे साठ रोजे: पहिल्या सेहरीच्या आधी काय काय तयार पाहिजे

रमजानचा रोजा जाणूनबुजून तोडलाय आणि आता कफ्फारा, म्हणजे त्याची भरपाई, आहे असं कळलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, किती पैसे भरायचे. तर आधी हा प्रश्न बाजूला ठेवा. धडधाकट माणसाला यात पैशांनी सुटका नाही, हनफी मसलकात (मसलक म्हणजे शरियतचे नियम लावायची परंपरा) नाही आणि शाफईतही नाही, साठ रोजे सलग धरायचेत, आणि सलग म्हणजे एकही दिवस मध्ये सुटला की पुन्हा पहिल्यापासून. लोक मनापासून सुरू करतात, कॅलेंडर बघत नाहीत, आणि अर्ध्याच्या पुढे गेल्यावर बकरीद आडवी येते, त्या दिवशी रोजा हराम, मग सगळी मेहनत नफिल, म्हणजे ऐच्छिक, होऊन जाते आणि कफ्फारा तसाच डोक्यावर. हे बघून खरंच जीव तुटतो. म्हणून तयारी आधी, रोजे नंतर.

सगळ्यात पहिलं काम, नेमकं काय झालं ते स्वतःशी स्पष्ट करा, गरज वाटली तर कागदावर लिहा आणि नंतर फाडून टाका. कारण प्रत्येक तुटलेल्या रोजाला कफ्फारा नसतो. विसरून जेवलात तर रोजा तुटलाच नाही. आजारपणात जिवावर बेतेल म्हणून सोडला, प्रवासात होता म्हणून धरला नाही, गरोदरपणात बाळाची भीती होती, या सगळ्यात कफ्फारा नाही, कजा, म्हणजे एकाला एक रोजा (फक्त बाळाच्याच भीतीने सोडला तर शाफईंकडे कजेबरोबर फिदयाही). रमजानचा राहिलेला कजा रोजा नंतर कधी धरला आणि मध्येच तोडला, तरी कफ्फारा नाही. हनफींकडे कफ्फारा लागतो तो रमजानमध्येच, रात्रीपासून नियत करून धरलेला रोजा काही मजबुरी नसताना खाऊन, पिऊन किंवा नवरा-बायकोच्या संबंधाने तोडला तर. सिगरेटही यात धरतात, म्हणजे ऑफिसखाली दोन झुरके मारले, पोटात तर काही गेलं नाही, असं म्हणून चालत नाही. आणि रोजा तोडल्यावर त्याच दिवशी बाईला पाळी आली किंवा माणूस खरोखर रोजा झेपणार नाही इतका आजारी पडला तर हनफींकडे कफ्फारा उतरतो, कजा राहते. हे बारकावे ठाऊक नसल्यामुळे काही लोक नसलेलं ओझं वर्षानुवर्षं वाहतात आणि काही लोक असलेलं विसरून जातात.

दुसरं, तुमचा मसलक कुठला ते बघा, महाराष्ट्रात हे फार महत्त्वाचं आहे आणि याच्यावर कोणी नीट बोलत नाही. माझं माहेर चिपळूणकडचं, सासर औरंगाबादचं, म्हणजे एकाच घरात मला दोन्ही बघायला मिळतात. कोकणी मुसलमान शाफई, मराठवाडा-खानदेशात बहुतेक हनफी. शाफई मसलकात हा मोठा कफ्फारा फक्त संबंधाने रोजा तोडला तरच, आणि तोही नवऱ्यावर, बायकोवर कजा आणि तौबा. मुद्दाम पाणी प्यायलं किंवा जेवलं तर शाफईत गुनाह मोठाच, उरलेला दिवस उपाशी राहायचं, तौबा करायची, कजा धरायची, पण साठ रोजे नाहीत. हनफींकडे बायकोचीही मर्जी होती तर दोघांवर वेगवेगळा कफ्फारा. अजून एक फरक, एकाच रमजानमध्ये असे तीन-चार रोजे तोडले आणि अजून एकाचाही कफ्फारा दिलेला नाही तर हनफींकडे सगळ्यांचा मिळून एकच, शाफईत प्रत्येक दिवसाचा वेगळा. त्यामुळे गावाकडच्या मावशीने सांगितलं तसं शहरातल्या शेजारणीने करायचं आणि उलट, असं करू नका. आणि सोपं ज्याच्यात दिसेल तो मसलक त्या दिवसापुरता उचलायचा, हेही मला बरोबर वाटत नाही.

मग मुफ्तीसाहेबांकडे जा किंवा दारुल इफ्तामध्ये, म्हणजे फतवा देतात त्या कार्यालयात, लेखी प्रश्न द्या. जाताना चार गोष्टी तयार ठेवा: नियत कधी केली होती, कशाने तोडला, तेव्हा तब्येत कशी होती, असे किती रोजे आहेत. यापेक्षा जास्त तपशील कोणी मागत नाही, द्यायचीही गरज नाही. नाव न सांगता विचारता येतं. अल्लाहने झाकलेला गुनाह आपण चारचौघांत उघडा करायचा नसतो, म्हणून घरच्यांना, मित्रांना "कशाचे रोजे चाललेत" याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा, "काही रोजे राहिलेत ते पूर्ण करतोय" एवढं पुरे आहे आणि ते खोटंही नाही.

शरम वाटत असेल तर ती हदीस आठवा जिच्यावर हा सगळा मसला उभा आहे, अबू हुरैरा रजि. यांची, बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही ग्रंथांत आहे. एक माणूस हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, म्हणजे पैगंबर, यांच्याकडे आला, म्हणाला मी बरबाद झालो, रमजानात रोजा असताना बायकोजवळ गेलो. गुलाम आझाद करू शकतोस? नाही. दोन महिने लागोपाठ रोजे? नाही. साठ मिसकिनांना (गरिबांना) जेवण? नाही. तो तिथेच बसून राहिला. तेवढ्यात खजुरांची टोपली आली, हुजूर म्हणाले ही घे आणि सदका (दान) कर, तर हा म्हणतो माझ्यापेक्षा गरीब कोणाला देऊ, मदीनेच्या दोन्ही काळ्या दगडांच्या पठारांमध्ये आमच्यापेक्षा गरजू घर नाही. हुजूर इतके हसले की दात दिसले, आणि म्हणाले जा, तुझ्या घरच्यांनाच खाऊ घाल. बघा, ना रागावले, ना हाकललं, आणि क्रम मात्र एक एक करून विचारला. त्यातली पहिली पायरी आज उरलेलीच नाही, हिंदुस्तानात तर 1843 च्या कायद्यानेच गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली, म्हणून आपली सुरुवात सरळ दुसऱ्या पायरीपासून, रोजांपासून.

आता कॅलेंडर, हा या यादीतला सगळ्यात मोठा भाग. चांदच्या तारखा असलेलं इस्लामी कॅलेंडर भिंतीवर लावा, मोबाइलमधल्या ॲपवर एकट्यावर विसंबू नका, त्यात एखाद दिवस इकडेतिकडे असतो, तुमच्या शहराच्या चांद कमिटीचं ऐका. वर्षातले पाच दिवस रोजा चालत नाही: ईदचा 1 शव्वाल आणि बकरीदचे 10 ते 13 जिल्हज. आणि रमजानमध्ये दुसरा रोजा धरता येत नाही. तर तुमचे साठ दिवस यातल्या कशालाही धडकायला नको. रमजान संपल्या संपल्या करायचे असतील तर 2 शव्वालला सुरू करा, जिल्हजच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत संपतात, फार तर 8 शव्वालपर्यंत उशीर चालेल, त्यानंतर सुरू केलं तर बकरीद गाठते. आणि हो, शव्वालचे सहा नफिल रोजे यात मिसळून दोन्ही झाले असं धरू नका, कफ्फाऱ्याच्या रोजाची नियत कफ्फाऱ्याचीच पाहिजे.

चांदच्या 1 तारखेला सुरू केलं तर दोन चांद महिने पूर्ण झाले की झालं, मग ते 60 भरोत, 59 भरोत, की 58. पण महिन्याच्या मध्ये कुठेही सुरू केलं तर पूर्ण 60 मोजायचे. याचं एक उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. 1 रजबला सुरू केलंत तर रजब आणि शाबान धरून रमजानच्या दारात कफ्फारा पूर्ण. एकच दिवस उशीर झाला, 2 रजबला सुरू केलं, की आता 60 पाहिजेत आणि रमजानपर्यंत दिवसच जास्तीत जास्त 59, म्हणजे एका दिवसाच्या आळसाने दोन महिन्यांचे रोजे वाया. म्हणून मी तर म्हणते रजबची वाट बघूच नका. 2026 मध्ये जमादिउल अव्वल आणि जमादिउस्सानी साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येतायत, मध्ये ईद नाही, ऊन उतरलेलं, आणि मुंबईत डिसेंबरचा रोजा सव्वाबारा-साडेबारा तासांचा असतो, जूनमध्ये तोच साडेचौदाच्या वर जातो. थंडीतले दिवस निवडणं काही पळवाट नाही, पण "पुढच्या थंडीत बघू" असं वर्षावर वर्ष ढकलणं बरं नाही, आयुष्याचा भरवसा कोणी दिलाय.

बायकांनी हे नीट वाचा, कारण इथे घाबरून बऱ्याच जणी सुरूच करत नाहीत. पाळीमुळे सलगपणा तुटत नाही. ते दिवस सोडायचे, पाक झालात की लगेच दुसऱ्या दिवसापासून पुढचा आकडा. पण एक दिवससुद्धा "आज थकवा आहे, उद्यापासून" असं केलं की पहिल्यापासून, म्हणून त्या दिवसांची नोंद ठेवा आणि साठ दिवस मोजताना वरचे पाळीचे दिवस धरून ईदपर्यंतचं अंतर काढा, 8 शव्वालचा हिशोब तुम्हाला लागू होत नाही, पाळीचे दिवस धरले तर 2 शव्वालला सुरू करूनही बहुधा बकरीद गाठते, म्हणून मध्ये ईद नसलेले दुसरे महिने निवडा. हनफींकडे बाळंतपणाने मात्र सलगपणा तुटतो, आजारपणाने आणि सफरीत रोजा सोडल्यानेही तुटतो.

आजारपणाने तुटतो म्हणूनच सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन या. शुगर, बीपी, थायरॉईडच्या गोळ्या असतील तर वेळा सेहरी-इफ्तारला बसवून घ्या, ॲसिडिटीचं आधीच सांगा, दाताचं काम, छोटं ऑपरेशन असं काही राहिलं असेल तर आधी उरका. पुढच्या दोन महिन्यांतली लग्नं, परीक्षा, नाइट शिफ्ट, लांबचे प्रवास सगळं एकदा बघून घ्या. प्रवास टाळता येत नसेल तर प्रवासातही रोजा धरायचा, सवलत घेतली की गाडी पुन्हा एकवर. लग्नाच्या दावतीत लोक आग्रह करतील, "एक घास खा, काय होतंय" म्हणतील, तेव्हा काय बोलायचं तेही ठरलेलं असू द्या.

किराण्याचं फार काही नाही, रमजानसारखा रोज भजी-शरबतचा थाट केला तर विसाव्या दिवशी पोट बसतं. आमच्याकडे नाचणीची आंबील, भाकरी, अंडं, दही, दोन खजूर आणि पोटभर पाणी एवढ्यावर सेहरी होते आणि टिकते. इफ्तारला खजूर, फळ, मग नमाज, मग साधं जेवण. रमजानात सगळी गल्ली उठलेली असते, इथे तुम्ही एकटे उठणार आहात, सायरन नाही, कोणी दार वाजवणार नाही, त्यामुळे दोन अलार्म लावा आणि मस्जिदीचं त्या महिन्याचं नमाजचं टाइमटेबल फ्रिजवर चिकटवा, रमजानचं जुनं टाइमटेबल चालत नाही कारण वेळा बदललेल्या असतात.

नियत रोज रात्री. रमजानच्या रोजाला हनफींकडे सकाळी उशिरापर्यंत नियत चालते, कफ्फाऱ्याला चालत नाही, सुबह सादिकच्या, म्हणजे पहाट फुटायच्या, आधी मनात पक्कं पाहिजे की उद्याचा रोजा कफ्फाऱ्याचा. सेहरीला डोळा उघडला नाही तर रात्रीच्या नियतीवर उपाशीपोटी रोजा पुढे न्यायचा, म्हणून झोपतानाच नियत करून झोपा. वहीत प्रत्येक दिवसाला इंग्रजी तारीख, चांदची तारीख आणि क्रमांक, तिन्ही लिहा, इफ्तार झाल्यावर, आधी नाही.

आणि ज्यांना रोजे खरंच शक्य नाहीत, वय झालंय किंवा कायमचं दुखणं आहे आणि डॉक्टरही नाही म्हणतात, त्यांच्यासाठी साठ मिसकीन. हनफींकडे साठ गरिबांना दोन वेळ पोटभर जेवण, दोन्ही वेळी तेच साठ, किंवा प्रत्येकाला एका फित्र्याएवढा (रमजान ईदला देतात त्या दानाएवढा) गहू नाहीतर त्याची किंमत. फित्र्याचं माप पावणेदोन किलोच्या आत धरणारे आहेत आणि दोन किलो पंचेचाळीस ग्रॅम धरणारेही, म्हणजे सगळे मिळून 98 ते 123 किलो गहू, तुमच्या मस्जिदीत जे माप चालतं ते घ्या. सगळं एकाच माणसाला एका दिवशी दिलं तर तो एकच धरला जातो, एकाला द्यायचं तर साठ दिवस रोज द्या. शाफईंकडे प्रत्येकी एक मुद (धान्याचं जुनं माप), कोकणात तांदूळच, साठ जणांचे मिळून 36 ते 45 किलो, आणि तिथे रोख नाही, धान्यच हातात द्यायचं, साठ वेगळ्या माणसांच्या. आईवडील, मुलं, नवरा-बायको यांना देता येत नाही. मदरशात दिलंत तर नुसतं "चंदा" म्हणून देऊ नका, स्पष्ट सांगा की हा कफ्फारा आहे, साठ जणांचा, नाहीतर तो बांधकामात नाहीतर लाइटबिलात जाईल आणि तुमचा कफ्फारा अदा होणार नाही. याला फिदया म्हणून गोंधळ करू नका, फिदया न धरता येणाऱ्या रोजाचा, हा तोडलेल्याचा.

शेवटची नोंद वहीच्या पहिल्याच पानावर करून ठेवा, कारण दोन महिन्यांनंतर ती हमखास राहते: साठ झाल्यावर तोडलेल्या रोजाची कजा वेगळी आहे. जितके तोडले तितके. हनफींकडे कफ्फारा सगळ्यांचा मिळून एक झाला तरी कजा प्रत्येकाची धरायचीच, ती सलग नसली तरी चालते, त्यामुळे साठाव्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच नाही जमलं तर आठवड्याचा एखादा दिवस ठरवा, पण पुढचा रमजान यायच्या आत संपवा.