भावंडांना घरी एकत्र व्हिडिओ गेम खेळता यावा म्हणून

जुलैच्या झडीत कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी चढले, शाळांना सुट्टी जाहीर झाली आणि रंकाळा तलावावर फिरायला जाण्याचीही सोय उरली नाही, की घरात दोन भावंडे आणि एक टीव्ही एवढाच मामला राहतो. तासाभरात तक्रार स्वयंपाकघरापर्यंत येते. अशा वेळी बहुतेक आईवडील पंचाच्या भूमिकेत शिरतात, दहा मिनिटे याला आणि दहा मिनिटे तिला असे रेशन ठरवून देतात आणि अखेर वायर काढून ठेवतात. माझे मत असे आहे की भांडणाचे बी बहुतेक वेळा खेळ सुरू होण्यापूर्वीच पडलेले असते. कोणता खेळ निवडला, धाकट्याच्या वाट्याला कोणते काम आले आणि खेळ कुठे थांबणार हे आधी बोलले गेले होते की नाही, यावर पुढचा सगळा तास अवलंबून असतो. तेव्हा मोठ्यांनी आपला वेळ मध्यस्थीपेक्षा या तयारीत घालावा, हे उत्तम.

जोड बघून खेळ निवडावा

खासबागेच्या कुस्ती मैदानात बारा वर्षांच्या पोराची कुस्ती सात वर्षांच्या पोराशी कुणी लावत नाही. घरात मात्र आपण दोघांच्या हाती एकेक कंट्रोलर देतो आणि धाकटा हरला की त्याला खिलाडूवृत्तीचे धडे देतो. वयात तीन-चार वर्षांहून अधिक अंतर असेल, तर सुरुवातीचे काही महिने एकमेकांविरुद्धचे खेळ बाजूला ठेवून दोघांना एकाच बाजूने खेळता येईल असे खेळ घ्यावेत.

कोल्हापुरात याची सर्वांत सोपी सुरुवात फुटबॉलपासून होते, कारण पाटाकडील तालीम आणि दिलबहार या फुटबॉल संघांच्या सामन्यांच्या गप्पा ऐकत वाढलेल्या मुलांना ऑफसाइड म्हणजे काय हे समजावत बसावे लागत नाही. ईए स्पोर्ट्स एफसी हा खेळ, जो २०२३ पूर्वी फिफा या नावाने निघत असे, प्लेस्टेशनवर किंवा एक्सबॉक्सवर लावला की ‘किक ऑफ’मध्ये संघ निवडण्यापूर्वी पडद्यावर प्रत्येक कंट्रोलरचे चिन्ह दिसते. मुले सवयीने एक चिन्ह डावीकडे आणि एक उजवीकडे नेतात. ती दोन्ही एकाच बाजूला न्यावीत, म्हणजे समोरचा संघ संगणक चालवतो आणि भावंडे एका संघातले दोन खेळाडू होतात. संगणकाची पातळी ‘बिगिनर’ किंवा ‘अमॅच्युअर’ ठेवावी आणि दोघांचा हात बसू लागल्यावरच ‘सेमी-प्रो’कडे जावे. यानंतर पहिली तक्रार ठरलेली असते: “ताई पासच देत नाही.” त्यावर घरापुरता एक नियम करता येतो. ज्या चालीत दोघांपैकी एकाचाच पाय चेंडूला लागला, त्या चालीतला गोल पडद्यावर धरला गेला तरी घरच्या वहीत धरायचा नाही. वही धाकट्याकडे द्यावी. नोंद ठेवण्याचे काम मिळाले की त्याचे लक्षही खेळात राहते आणि थोरलीलाही पास देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

शर्यतीचा खेळच हवा असेल, तर निन्टेंडो स्विचवरील ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ विचारात घ्यावा. या खेळात एकाच टीव्हीवर चौघांना खेळता येते आणि स्विचसोबत मिळणारे दोन लहान जॉय-कॉन आडवे धरले की दोन स्वतंत्र कंट्रोलर तयार होतात, त्यामुळे दुसरा कंट्रोलर लगेच विकत घ्यावा लागत नाही. गाडी निवडण्याच्या पडद्यावर अधिकचे बटण दाबले की ‘स्मार्ट स्टिअरिंग’ आणि ‘ऑटो-ॲक्सिलरेट’ या सोयी प्रत्येक खेळाडूसाठी वेगवेगळ्या सुरू करता येतात. पहिली सोय गाडीला रस्त्याबाहेर पडू देत नाही आणि दुसरी सोय सुरू असताना बटण सतत दाबून धरावे लागत नाही. “त्याला फुकट मदत मिळते,” असे थोरली म्हणाली, तर तिला सांगावे की स्मार्ट स्टिअरिंग सुरू असताना काही आडवाटा घेता येत नाहीत, म्हणजे मदतीची किंमत खेळानेच वसूल केलेली असते. मदत सुरू केल्याचा गवगवा मात्र करू नये. गल्लीतल्या लपंडावात आपण कच्चे लिंबू आहोत हे जसे लहान मुलाला पक्के ठाऊक असते, तसे ते इथेही त्याच्या लक्षात येतेच. सगळ्यांसमोर ते बोलून दाखवल्याचा राग त्याला अधिक येतो.

लेगोच्या खेळांमध्ये दुसरा खेळाडू मध्येच येऊ शकतो आणि मध्येच उठून जाऊ शकतो. जेवायला उशिरा येणाऱ्या घरांना ही सोय फार उपयोगी पडते. ‘ओव्हरकुक्ड’ मात्र मी भावंडांना पहिल्याच महिन्यात देणार नाही. त्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरातली घाई असते, मोठे भावंड हुकूम सोडू लागते आणि धाकटे नुसते भांडी घासत राहते. ‘इट टेक्स टू’ हा केवळ दोघांसाठीच रचलेला २०२१ सालचा खेळ सुंदर आहे, परंतु युरोपातील पेगी मानांकनानुसार तो १२ वर्षांपुढील मुलांसाठी आहे आणि त्याची कथा आईवडिलांच्या घटस्फोटाभोवती फिरते, हे ध्यानात ठेवून तो निवडावा. कन्सोल नसेल आणि एकच मोबाइल असेल, तर ‘लुडो किंग’ इंटरनेटशिवायही एका मोबाइलवर आळीपाळीने खेळता येतो. त्यात आजीलाही घेता येते. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या गोळीबाराच्या खेळाचा आग्रह मुले धरतातच. दोघांनी दोन कोपऱ्यांत दोन मोबाइल घेऊन अनोळखी लोकांवर गोळ्या झाडण्याला मी एकत्र खेळणे म्हणत नाही, एवढे सांगून मी तो विषय सोडतो.

माइनक्राफ्टचे जग लावताना

भावंडांसाठी एकच खेळ घ्यायचा झाला, तर मी माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचे जग रचण्याचा खेळ सुचवीन, कारण त्यात जिंकणे-हरणे दुय्यम आहे आणि कामे अनेक आहेत. एकाने खाण खोदावी, दुसऱ्याने शेती करावी, कोंबड्या पाळाव्यात, घर बांधावे. सात वर्षांच्या मुलाने पिकवलेला गहू बारा वर्षांच्या मुलीला भाकरीसाठी खरोखर लागतो.

खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. या खेळाच्या जावा आणि बेडरॉक अशा दोन आवृत्त्या आहेत आणि एका आवृत्तीतल्या खेळाडूला दुसरीच्या जगात थेट जाता येत नाही. जावा केवळ संगणकावर चालते. मोबाइल, टॅब आणि कन्सोल यांवर बेडरॉक असते. एकाकडे लॅपटॉप आणि दुसऱ्याकडे टॅब असेल, तर लॅपटॉपवरही बेडरॉकच लावावी. एकच टीव्ही असल्यास कन्सोलवर पडदा विभागून चौघांपर्यंत खेळता येते. मोबाइलवर ही सोय नाही. लहान टीव्हीवर विभागलेल्या पडद्यातली अक्षरे बारीक दिसतात, तेव्हा मुलांना नाक लावून बसू देण्यापेक्षा सेटिंगमध्ये अक्षरे मोठी करण्याची सोय मिळते का ते पाहावे.

पुढील सेटिंग पालकाने स्वतः, मुलांना शेजारी बसवून लावावीत. ‘फ्रेंडली फायर’ बंद ठेवावे, म्हणजे झोंबीला मारताना तलवार चुकून भावाला लागली तरी त्याला इजा होत नाही. चुकून की मुद्दाम, हा घरातला सर्वांत जुना वाद त्यामुळे उद्भवतच नाही. ‘फायर स्प्रेड्स’ आणि ‘टीएनटी एक्स्प्लोड्स’ हेही बंद करावे. लाकडी घरात शोभेसाठी शेगोटी करावी म्हणून कुणीतरी भिंतीच्या आत लाव्हा ओततो, ठिणगी छपराला लागते आणि मिनिटभरात आख्खे घर काळ्या चौकोनी खड्ड्यासारखे दिसू लागते, मग “आई, हिनं माझं घर जाळलं बघ!” ही हाक येते. मृत्यू आल्यावर सगळे सामान जमिनीवर सांडते आणि पाच मिनिटांत नाहीसे होते. धाकटे याच कारणाने सर्वाधिक रडते. ‘कीप इन्व्हेंटरी’ सुरू केले की सामान शाबूत राहते. ही सोय ‘चीट्स’मध्ये मोडते, त्यामुळे ती वापरलेल्या जगात ‘अचिव्हमेंट्स’, म्हणजे टप्पे गाठल्याबद्दल खेळाने दिलेल्या पावत्या, मिळत नाहीत. थोरलीला त्या हव्या असतील, तर तिच्यासाठी तिचे निराळे जग करून द्यावे. पहिले काही दिवस काठिण्य ‘पीसफुल’ ठेवल्यास हल्ला करणारे प्राणी येत नाहीत आणि जीवही आपोआप भरत राहतो.

निराळ्या जगांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवी तेवढी जगे तयार करता येतात, अडचण फक्त साठवणुकीच्या जागेची. म्हणून प्रत्येकाचे एकेक खाजगी जग असावे आणि तिसरे जग दोघांचे सामाईक असावे. सामाईक जग दोघेही बसलेले असतील तेव्हाच उघडायचे, हा नियम कडक पाळावा. थोरली क्लासला गेली असताना धाकट्याने एकट्याने जाऊन तिच्या पेटीतले हिरे काढले, की पुढचा आठवडा वाया जातो. दर रविवारी जगाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉपी वर्ल्ड’ने एक प्रत काढून ठेवावी. काही उद्ध्वस्त झालेच तर मागची प्रत उघडता येते, आणि तसे करता येते हे ठाऊक असल्यावर मुले चुकांकडे बऱ्याच शांतपणे पाहतात.

दोन मोबाइल किंवा टॅबवर खेळताना जग ज्या साधनावर तयार केले, त्यावर ते उघडे असेल तोवरच दुसऱ्याला त्यात राहता येते; मालकाने खेळ बंद केला की दुसरा बाहेर फेकला जातो. त्यामुळे सामाईक जग थोरलीच्या मोबाइलवर न ठेवता घरातच राहणाऱ्या टॅबवर ठेवावे.

वायफाय आणि वीज

जगाच्या सेटिंगमध्ये ‘व्हिजिबल टू लॅन प्लेयर्स’ सुरू असले आणि दोन्ही साधने एकाच वायफायवर असली, की दुसऱ्याच्या यादीत ते जग दिसू लागते. दिसत नसेल तर एक साधन राउटरच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर आहे का ते प्रथम पाहावे. गेस्ट जाळ्यावरील साधने सहसा घरातल्या इतर साधनांना पाहू शकत नाहीत. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या घरात वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, तेथे २.४ गिगाहर्ट्झ वापरावा. टीव्हीवर खेळताना बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होत असेल, तर टीव्हीतील ‘गेम मोड’ सुरू करावा. पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. कन्सोल इन्व्हर्टरवर नसेल, तर मोठा सामना सुरू करण्यापूर्वी आभाळाकडे एकदा नजर टाकावी, हे अनुभवाचे बोल.

खेळ थांबवण्याची जागा

“अजून पाचच मिनिटं” या विनंतीत मुलांचा हट्ट असतो तितकाच खेळाच्या रचनेचाही भाग असतो. सामना किंवा शर्यत असेल, तर घड्याळाऐवजी फेऱ्यांचा करार करावा: तीन सामने, मग जेवण. माइनक्राफ्टला असा शेवट नाही, परंतु त्यातला एक दिवस खऱ्या वीस मिनिटांचा असतो आणि त्यातील सुमारे दहा मिनिटे उजेड असतो. अंधार पडला की दोघांनी आपापल्या पलंगावर झोपावे, सकाळ झाली की खेळातून बाहेर पडावे. पलंगावर झोपल्याने पुढच्या वेळी मेल्यास तिथेच जन्म मिळतो, म्हणजे थांबण्यात त्यांचाही फायदा असतो. झोपून रात्र टाळली की एक दिवस अकराएक मिनिटांतच संपतो, हे गृहीत धरून किती दिवस द्यायचे ते ठरवावे. दोन ते चार वर्षांचे भावंड मांडीवर बसून पाहत असेल, तर त्याचाही हिशेब ठेवावा: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास, आणि त्याहून कमी तर अधिक चांगले, अशी सांगितली आहे.

वाद झालाच, तर निकाल देऊ नये. दोन्ही कंट्रोलर टेबलावर ठेवायला सांगून प्रत्येकाला नेमके काय झाले ते खेळाच्या भाषेत सांगू द्यावे, म्हणजे “तो वाईट आहे” ऐवजी “त्याने दार उघडे ठेवले आणि क्रीपर (माइनक्राफ्टमधला फुटणारा राक्षस) आत आला” असे बोलणे सुरू होते आणि दाराचा नियम मुलेच करतात. नव्या आणि जुन्या कंट्रोलरवरून होणारी भांडणे सम-विषम तारखांवर मिटवावीत. पैशांच्या बाबतीत मात्र चर्चा नको: प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पडताळणी सुरू करावी आणि पासवर्ड आपल्यापाशीच ठेवावा.

थोरले पुण्याला गेल्यावर

बारावीनंतर थोरले भावंड पुण्याला शिकायला गेले, तरी सामाईक जग चालू ठेवता येते. त्यासाठी दोघांनाही मायक्रोसॉफ्ट खाते लागते आणि धाकटे अल्पवयीन असल्याने त्याच्या खात्याला इतरांसोबत खेळण्याची परवानगी पालकाने आपल्या खात्यातून द्यावी लागते. मित्रयादीत केवळ ओळखीचीच माणसे राहतील हेही तेव्हाच पाहून घ्यावे. संगणकावर स्टीम हे खेळ विकत घेऊन चालवण्याचे ॲप असेल, तर २०१९ पासून मिळणाऱ्या ‘रिमोट प्ले टुगेदर’ या सोयीने एका टीव्हीवर दोघांनी खेळायचे खेळही दोन गावांतून खेळता येतात आणि खेळ एकानेच विकत घेतलेला असला तरी चालते. माइनक्राफ्टचे जग ‘एक्स्पोर्ट’ करून फाइल पाठवता येते, पण पाठवल्या क्षणापासून त्या दोन निराळ्या प्रती होतात आणि एकीत बांधलेले दुसरीत दिसत नाही. म्हणून खरी प्रत कोणाकडे राहणार हे निघण्यापूर्वी ठरवावे. घरच्या टॅबवर ठेवणे सोयीचे, कारण शनिवारी रात्री तो उघडून देणारे कुणीतरी घरी असतेच, आणि पाठवलेल्या फाइलच्या नावात तारीख घालावी.