कोडी १८ वरून १९ वर जाताना

टीव्हीखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर कोडी (Kodi, सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर) १८ निमूट चालू होतं. उगाच हात शिवशिवले आणि १९ टाकलं. मेनू जागेवर, पण निम्मी ॲड-ऑन्स, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बंद! आधी वाटलं, डिस्कच गेली. अर्धा तास तिच्याच मागे घालवला. कारण वेगळंच निघालं: १९ पासून ॲड-ऑन्सना पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३ ही आवृत्ती लागते, माझी बंद पडलेली सगळी पायथन २ ची. ती काढली, ज्यांची नवी आवृत्ती मिळाली ती टाकली. सबटायटलवाल्या एकाला मात्र कायमचा रामराम.

लायब्ररी, म्हणजे व्हिडिओंची यादी, शाबूत होती. ती डेटाबेसमध्ये असते. कोडी जुन्या डेटाबेसची नक्कल करून नवा बनवतं. युजरडेटा फोल्डरमध्ये मायव्हिडिओज ११६ या जुन्या डेटाबेस फाइलच्या शेजारी आता नवी ११९ दिसते. तो अख्खा फोल्डर आधीच पेन ड्राइव्हवर घेतला होता, म्हणून एवढं धाडस.