आई-बाबा विसरायला लागलेत? आधी हे बघा

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, हे सगळ्यांचंच होतं, त्याने घाबरू नका. पण चष्मा फ्रीजमध्ये सापडतोय आणि वर कामाच्या मावशींवर संशय, असं व्हायला लागलं तर लक्ष द्या. अल्झायमर म्हणजे हळूहळू स्मरणशक्ती आणि समज जाण्याचा आजार, त्याच्या सुरुवातीला जुनं बऱ्याचदा लख्ख आठवतं, १९७२ च्या दुष्काळातल्या सुकडीची गोष्ट बारकाव्यांसकट सांगतील पण सकाळी नाश्ता केला का ते नाही, आणि घरचे म्हणतात मेमरी किती छान आहे बघा! इथेच फसगत होते.

मला विचाराल तर नुसतं विसरणं बघू नका, रोजची कामं बघा. जन्मभर पुरणपोळ्या केल्या आणि आता पुरण आधी वाटायचं की शिजवायचं तिथे अडतंय, लाइट बिल दोनदा भरलं, मंडईतून येताना ओळखीची वाट चुकली, तोच प्रश्न दहा मिनिटांत परत, भजनी मंडळाला जाणंच बंद. हे सगळं तारखेसकट वहीत लिहा, कारण डॉक्टरसमोर हीच माणसं एकदम व्यवस्थित बोलतात.

न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टकडे न्या. बी१२ आणि थायरॉइड तपासलंय ना ते विचारा, शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं कॉमन आहे आणि त्यानेही विसरायला होतं. डिप्रेशन, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, यांनीही असंच दिसू शकतं. एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागले तर मात्र वाट बघू नका, युरीन इन्फेक्शनपासून काहीही असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना.

अल्झायमरचं निदान झालंच तर डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडा फरक पडतो, आजार बरा होत नाही.

पैशांचं काम सगळे टाळतात आणि तेच आधी करायला हवं. समज शाबूत आहे तोवर मृत्युपत्र, नॉमिनी, जॉइंट अकाउंट त्यांच्याशी बोलूनच करून घ्या, पाठीमागे नको. नुसत्या मुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) निर्धास्त राहू नका, देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं.

घरात वाद घालू नका, "आत्ताच सांगितलं ना!" म्हटलं की ते चिडतात किंवा गप्प होतात, त्यापेक्षा परत उत्तर द्या आणि विषय बदला. गोळ्यांना वारांचा डबा, गॅसला रात्री रेग्युलेटर बंद, खिशात तुमच्या नंबरची चिठ्ठी. एकट्याने निभत नसेल तर ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७.