तालुक्याच्या कामाला भाड्याची इलेक्ट्रिक कार न्यायचीय? आधी लॉज ठरवा, मग गाडी

बियाण्याच्या कामासाठी मला महिन्यातून दोन-तीनदा संभाजीनगरहून जालना, अंबड, घनसावंगी असं फिरावं लागतं, डिलरकडे बसायचं, शेतावर जाऊन पिकाचा प्लॉट बघायचा, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. हल्ली यासाठी भाड्याची इलेक्ट्रिक कार नेतो. शहरात काहीच अडचण येत नाही, तालुक्याला गेलं की येते, आणि ती गाडीमुळे नाही तर रात्री गाडी कुठल्या सॉकेटला लावणार यावरून येते. म्हणून मी जे करतो ते त्याच क्रमाने सांगतो.

आधी किलोमीटर मोजा

कंपनीचा आकडा धरून निघू नका. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीची ३० युनिटची (म्हणजे ३० किलोवॉट-तासांची) बॅटरी घ्या, २०२३ च्या मॉडेलला कागदावर रेंज ३२५ किमी, पण टाटा स्वतःच रोजच्या वापरात २१० ते २३० सांगते. मे महिन्यात ४२ डिग्रीत एसी लावून, १५ टक्के शिल्लक ठेवून मी युनिटला साडेसहा किमी धरतो, म्हणजे हातात उरले साधारण १६५. माझी फेरी गावातलं फिरणं धरून अडीचशेच्या घरात जाते, म्हणजे मध्ये एकदा चार्जिंग पाहिजेच. ४५ युनिटची गाडी मिळाली तर तेवढं टळतं, भाडं जास्त पडलं तरी मी तीच घेतो. समृद्धीवरून जाणार असाल तर १२० ला परवानगी असली तरी ९० च्या आसपास चालवा, वेग वाढला की टक्के भराभर उतरतात.

मग लॉजला फोन करा, गाडी बुक करायच्या आधी

"चार्जिंग आहे का" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, त्यांना मोबाईलचं वाटतं. असं विचारा: गाडी जिथे उभी राहील तिथे एसीला किंवा गीझरला असतो तसा १६ अँपियरचा पॉइंट आहे का, गाडीपासून किती लांब आहे, आणि अर्थिंग केलेलं आहे का. गाडीची केबल साधारण पाच मीटरची असते आणि साधी एक्स्टेंशन लावायचीच नाही, सात-आठ तास सतत तेवढा करंट गेला की पातळ वायर आणि पिन वितळते.

अर्थिंगचा मुद्दा सगळ्यात मोठा. गावाकडे बऱ्याच जागी सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. गाडीचा चार्जर हे तपासतो आणि लाल दिवा लावून थांबतो. एका तालुक्याच्या ठिकाणी मी रात्री दहाला केबल लावली, हिरवा दिवा लागेपर्यंत न थांबता झोपायला गेलो, सकाळी गाडी होती तेवढ्याच २२ टक्क्यांवर. शेवटी ओळखीच्या डिलरच्या पिठाच्या गिरणीत लावली, तिथे अर्थिंग पक्कं होतं, फक्त गिरणी चालू झाली की व्होल्टेज पडायचं आणि चार्जिंग तुटायचं, म्हणून दळण थांबेपर्यंत वाट बघावी लागली. तेव्हापासून केबल लावली की दहा मिनिटं तिथेच उभा राहतो.

लाल दिवा आला की कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ जोडून द्यायला तयार होतं. कृपा करून हे करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि गाडीला हात लावणारं लहान पोरगंही असू शकतं. वायरमनला बोलवा किंवा दुसरी जागा बघा. शेतातल्या मोटरच्या पेटीवरूनही नको, शेतीच्या फीडरला लाईट पाळीने ठरावीक तासच असते आणि शेतीच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करणं नियमात बसत नाही.

पैशाचं आधीच बोलून घ्या. मालकाला वाटतं हजाराचं बिल येईल. ३० युनिटची बॅटरी ६० टक्के भरली तर १८ युनिट, थोडी गळती धरून २०, असं समोर बसून मोजून दाखवा आणि त्यांच्या बिलातल्या दरापेक्षा थोडे जास्तच द्या, पुढच्या वेळी जागा ते स्वतः राखून ठेवतात.

गाडी ताब्यात घेताना

नंबरप्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी पाहिजेत. पांढरी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने चालवताना अपघात झाला तर इन्शुरन्सचा वांधा होऊ शकतो. डिकी उघडून पोर्टेबल चार्जर (साध्या सॉकेटला लावायची केबल) आहे का बघा, बऱ्याचदा तो काढून ऑफिसात ठेवलेला असतो. गाडी बंद पडली तर तालुक्यापर्यंत फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) येतो का, चाकांवर ओढून नेणार नाहीत ना, आणि खालून बॅटरीला दगड लागला तर खर्च कुणाचा, हे तिन्ही लेखी घ्या. फास्टॅगचंही विचारा, राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, तरी टोल कापला गेला तर परत कोण मागणार ते ठरलेलं बरं.

रस्त्यावर

फास्ट चार्जिंग जालन्यासारख्या मोठ्या गावातच उरकून घ्या, जेवणाच्या वेळेला, ८० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे फार हळू भरतं. मॅपवर दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका, प्लग सीसीएस२ (हल्लीच्या बहुतेक इलेक्ट्रिक कारला बसतो तो) आहे का ते बघा कारण जुने सरकारी चार्जर वेगळ्या प्लगचे आहेत, आणि त्या पंपाला किंवा हॉटेलला फोन करून लाईट आहे का विचारा. दोन-तीन ॲप आधीच उघडून वॉलेटमध्ये पैसे टाकून ठेवा, चार्जरपाशी मोबाईलला रेंज नसली की ओटीपी येत नाही.

पाणंद रस्ता असेल तर गाडी डांबरीवर ठेवून डिलरच्या मोटरसायकलवर शेतावर जा. जुलै-ऑगस्टात काळ्या मातीतलं काम असेल किंवा लॉजवाला अर्थिंगचं नीट सांगत नसेल तर मी त्या फेरीला डिझेलचीच गाडी घेतो.

परत देताना किती टक्के लागतात ते करारात बघून ठेवा, आणि गाडी सोडताना मीटरवरच्या टक्क्याचा आणि डिकीतल्या चार्जरचा फोटो काढा.